अठराव्या वाढदिवशी बंद होणारं दार

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरात अठरावा वाढदिवस जवळ येतो तो धास्ती घेऊनच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ने ६ ते १८ या वयासाठी दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क तिथं संपतो. त्याच दिवशी मूल कायद्यानं सज्ञान होतं आणि आईवडिलांचं पालकत्वही संपतं. ते पुन्हा मिळवायला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे या माणसाला पुढेही कुणाचा तरी आधार लागेल, हे एक कायदा मान्य करतो आणि दुसरा त्याच तारखेला शाळेचं दप्तर काढून घेतो. ही विसंगती मिटवायची तर विशेष शाळेला जोडून प्रौढांची कार्यशाळा असणं हा सरकारच्या मर्जीचा भाग न राहता हक्क झाला पाहिजे.

वय सरलं म्हणून या मुलांचं शिकणं संपत नाही. शर्टाची बटणं लावणं, सुटे पैसे मोजणं, अनोळखी माणसाला स्वतःचं नाव-पत्ता सांगणं यांसाठी वर्षानुवर्षं तीच कृती रोज करून घ्यावी लागते. अनेकांचा हात बसतो तो विशीच्या आसपास, आणि नेमका तेव्हाच दिनक्रम तुटतो. घरी बसलेल्या मुलाची कमावलेली कौशल्यं हळूहळू निसटतात, चिडचिड वाढते, आणि त्याला सांभाळायला बहुतेक वेळा आईच नोकरी सोडते. शिवाय आयुर्मान वाढलं आहे. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य १९८०च्या दशकात पंचविशीच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात आहे. आपल्याकडेही उपचार सुधारतील तसं शाळेनंतरचं आयुष्य शाळेतल्या वर्षांच्या कितीतरी पट लांब होत जाणार. ‘आमच्यामागे याचं काय?’ हा पालकांचा प्रश्न याच लांबलचक वर्षांचा आहे. पुण्यात १९६४ साली सुरू झालेल्या ‘कामायनी’ या संस्थेला शाळेच्या जोडीला उद्योग केंद्र चालवावं लागलं, ते याच गरजेपोटी. पण एखाद्या संस्थेनं ओळखलेली गरज राज्यभर पोचवायचं काम संस्थांच्या खांद्यावर टाकता येत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. समावेशक शिक्षण हे धोरण असताना विशेष शाळांचा पसारा आणखी का वाढवायचा? आठ वर्षांच्या मुलाबाबत हा आक्षेप मला पटतो. शेजारच्या मुलांबरोबर एका वर्गात बसण्याचा त्याचा हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं तेही त्यासाठीच. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला सामावून घ्यायला वर्ग कुठे आहे? सोबतची मुलं कॉलेजात जातात आणि तो खिडकीत बसतो. त्याच्यासाठी कार्यशाळा हीच गावात मिसळण्याची जागा असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. इमारत, शिक्षक, वाचा-उपचार, गाडी हे सगळं बऱ्याच शाळांकडे आजच थोडंबहुत आहे. दुपारनंतर तीच जागा वापरली आणि निदेशकांच्या पदांना अनुदान मिळालं, तर नवा डोलारा उभारावा लागणार नाही. हिशेब मांडताना आईच्या सुटलेल्या पगाराचा आकडाही त्यात धरायला हवा. तिसरी शंका मला सर्वांत गंभीर वाटते: कार्यशाळा म्हणजे फुकट राबवून घेणं होईल का? पणत्या रंगवून, उटण्याची पाकिटं भरून दिवाळीत विक्री करायची आणि मुलांच्या हातावर काहीच ठेवायचं नाही, हे अनुदान घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला चालवू देता कामा नये. विक्रीतला वाटा मुलाच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याची नोंद पालकांना दर महिन्याला बघता यावी, ही अट अनुदानाच्या पहिल्याच आदेशात हवी. राज्याचा दिव्यांग कल्याण विभाग आता स्वतंत्र आहे. हा आदेश त्यानंच काढायचा आहे.