उपग्रह आणि आमची बोडी

भूगोल हा पाठांतराचा विषय आहे, अशी समजूत आपल्या कला शाखेत अजून घट्ट आहे. नद्या, पिके, पर्जन्यमान पाठ करावे, परीक्षेत नकाशा रंगवावा आणि मोकळे व्हावे! म्हणून मी यंदा भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जी.आय.एस., या विषयाचा ऑनलाईन अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा मित्र म्हणाले, "हे सायन्सवाल्यांचे काम, तुला कशाला?" वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "यानं नोकरी लागते का?" आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा त्यांचे विचारणे रास्तच. परंतु माझे स्पष्ट मत आहे की, या शिक्षणाची गरज नोकरीच्याही आधी आपल्या गावांना आहे.

सोय आहे, आणि ती फार महागही नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर २०१७ पासून असे अभ्यासक्रम शिकता येतात. इस्रोची डेहराडूनची सुदूर संवेदन संस्थाही ऑनलाईन वर्ग घेते. 'क्यूजीआयएस' ही संगणक प्रणाली फुकट मिळते, उपग्रहाची चित्रेही फुकट मिळतात.

या चित्रांचीच गंमत सांगतो. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्यावरचा एक आर तो हाच! अमेरिकेच्या 'लँडसॅट'ची चौकट तीस मीटरची, म्हणजे नऊ आर. आता आमच्या धानाच्या बांध्यांमधली लहानशी बोडी घ्या. नऊ आरच्या चौकटीत थोडे पाणी, थोडी पाळ, थोडे धान असे सगळे एकत्र कालवले जाते आणि बोडी हरवते. मोठ्या तलावातही बेशरम माजली की वरून हिरवे दिसते. संगणक त्याला पाणी म्हणत नाही. ते पाणी आहे, हे सांगायला कोणीतरी पाळीवर उभे राहावे लागते.

आणि तलाव हे तर आपल्या जिल्ह्याचे वैभव! नवेगावबांधचा तलाव बांधणारे म्हणून कोलू पाटील कोहळी यांचे नाव आजही घेतले जाते. उतार, पाणलोट, सांडवा यांचे ज्ञान त्या लोकांजवळ कोणत्याही संगणकाविना होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' चे लोकांनी 'मामा तलाव' केले. नाव जिव्हाळ्याचे झाले, पण गाळ काही निघाला नाही. कोणत्या पाटाने कोणाच्या बांधीत पाणी जाते, उन्हाळ्यात गाळपेर कोण करतो, हे म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. कोणताही उपग्रह ते टिपू शकणार नाही.

विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासेत भारताची महामोजणी सुरू केली. १८२३ मध्ये त्या कामावर असतानाच आपल्या विदर्भातील हिंगणघाटला तो वारला. त्याचे अर्ध्या टनाचे यंत्र माणसांनी खांद्यावर वाहिले. त्या माणसांची नावे कोणाला ठाऊक आहेत? मोजणारा वेगळा आणि वाहणारा वेगळा, ही रीत आता तरी मोडायला नको का?

अडचणी आहेतच. व्याख्याने इंग्रजीत, 'रास्टर', 'व्हेक्टर' असे शब्द मराठीत समजावणारे कोणी नाही. मोबाईलच्या पडद्यावर नकाशा काढणे म्हणजे सुपात शेत नांगरणे! 'स्वयम्'वर शिकणे मोफत, परंतु प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क भरताना शेतमजुराच्या मुलाला दोनदा विचार करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय 'स्वयम्'वरून घेऊन त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. मग आपल्या महाविद्यालयाने संगणक कक्ष सायंकाळी दोन तास उघडा ठेवावा, भूगोल विभागाने हे श्रेयांक मिळवून द्यावेत आणि प्रकल्प म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या गावचा एक तलाव द्यावा. मे महिन्यात पाणी खाली जाते, जुनी पाळ, पाट, अतिक्रमण सारे उघडे पडते. मोबाईलमधील जी.पी.एस. सुरू करून, गावातल्या एखाद्या आजोबांना सोबत घेऊन पाळीवरून एक फेरी मारायला सकाळचे दोन तास पुरतात.