पाण्यासकट वळणारा पूल

एका कालव्यावरून दुसरा कालवा नेणारा, आणि जहाज आले की पोटातल्या पाण्यासकट बाजूला वळणारा पूल जगात एकच आहे. इंग्लंडात, मँचेस्टरजवळ बार्टन येथे. १८९४ पासून तो फिरतो आहे.

मँचेस्टर म्हटले की आपल्याला कापड आठवते, आणि वऱ्हाड-खानदेशातून मुंबईमार्गे विलायतेला गेलेला कापूसही. हा माल लिव्हरपूलच्या बंदरात उतरे. तिथला बंदरकर आणि पुढचे रेल्वेभाडे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना जड जाई. तेव्हा त्यांनी छत्तीस मैलांचा कालवा खणून जहाजेच दारात आणायचे ठरवले. पैसे मध्येच संपले. महापालिकेने एकूण ५० लाख पौंड कर्ज दिले, पण संचालक मंडळात बहुमत मागून घेतले. हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला ही अट वाचून भारी बरे वाटले!

अडचण बार्टनला आली. तिथे ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कोळशाचा कालवा आधीच अर्वेल नदी ओलांडत होता, जेम्स ब्रिंडलीने १७६१ मध्ये उभारलेल्या दगडी पुलावरून. याच कालव्याने शहरातला कोळसा निम्म्या किमतीवर आणला होता. दगडी कमानींखालून समुद्री जहाज जाणे शक्य नव्हते, आणि वरची वाहतूक थांबवणेही. बोटी टप्प्याटप्प्याने खाली उतरवून पलीकडे पुन्हा चढवाव्यात, तर प्रत्येक खेपेला वरच्या कालव्याचे पाणी वाया जाणार.

मुख्य अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्स यांनी तोड काढली. जहाज कालव्याच्या मधोमध बेट, त्यावर तोललेली लोखंडी पन्हळ. जहाज दिसले की पन्हळीची आणि दोन्ही बाजूंच्या कालव्याची तोंडे दरवाजांनी बंद करायची, आणि सारा डोलारा काटकोनात वळवायचा. वजन सुमारे १,४५० टन, पैकी ८०० टन नुसते पाणी! आत बोट असली तरी वजन तेवढेच, कारण बोट आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाहेर सारते. इतका चोख जमाखर्च मी कुठल्या खातेवहीत पाहिला नाही.

मँचेस्टरची गोदी १९८२ मध्ये बंद झाली. आता खालून मोठे जहाज क्वचितच जाते, वरून बहुधा सहलीच्या बोटी. निव्वळ ताळेबंद मांडला तर या पुलाची देखभाल परवडणारी नाही. तरीही तो खर्च मी डोळे मिटून मंजूर केला असता. ब्रिंडलीचा पूल १८९३ मध्ये पाडला, तेव्हा असे म्हणणारा कुणी पुरेसा वजनदार नसावा. त्याचे थोडे दगड तेवढे काठावर उरले आहेत.