एआय रेणू शोधेल, पण तो हृदयात जाऊन काय करेल?

'एआयने नवीन औषध शोधलं' अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेलच. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अल्फाफोल्डवाल्या हसाबिस आणि जंपर यांनाही मिळालं, तेव्हापासून तर अशा बातम्यांना ऊत आलाय. मी पोटापाण्यासाठी कोडच लिहितो, त्यामुळे कौतुक मलाही आहे. पण या बातम्या वाचताना मला ब्रायन रॉथ आठवतात.

रॉथ हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ. त्यांचा विषय मेंदूतले रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं प्रथिन. योग्य रेणू येऊन चिकटला की पेशीच्या आत सिग्नल जातो. गोची अशी की एकट्या सेरोटोनिनचेच डझनभराहून जास्त प्रकारचे रिसेप्टर आहेत, आणि ते फक्त मेंदूत नसतात.

फेनफ्लुरामीनचं उदाहरण घ्या. वजन कमी करायला लोक हे औषध घ्यायचे. काहींच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आणि १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. कारण काय? २००० साली रॉथ यांच्या गटाने दाखवलं, की या औषधापासून शरीरात बनणारा रेणू ५-एचटी२बी हा रिसेप्टर चालू करतो, आणि तो झडपांवरही असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, फंक्शन बरोबर चाललं, पण भलत्याच मॉड्यूलमध्येही कॉल गेला! आज मेंदूवरच्या नव्या रेणूची या रिसेप्टरवर चाचणी होते ती यामुळेच.

म्हणून रॉथ काही कॉम्प्युटरच्या विरोधात नाहीत, उलटच. २०१९ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी डोपामाइनच्या डी४ रिसेप्टरवर १३.८ कोटी रेणू कॉम्प्युटरमध्येच बसवून पाहिले. त्यातले ५४९ प्रत्यक्ष बनवून तपासले. २०२४ मध्ये अल्फाफोल्डने वर्तवलेल्या रचना वापरूनही त्यांना उपयोगी रेणू सापडले. रीलमध्ये पहिला आकडा येतो, दुसरा गाळला जातो. मला विचाराल तर खरी बातमी दुसऱ्यात आहे.

आणि फेनफ्लुरामीन? २०२० मध्ये ते अमेरिकेत परत आलं, ड्रॅव्हेट सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या अवघड अपस्मारासाठी. फक्त आता औषध चालू असताना हृदयाची इको तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते.