फुकट घरं... कुणाच्या पैशाने?

'आपल्या टॅक्समधून झोपडपट्टीवाल्यांना फुकट घरं' हे ऐकून ऐकून कान किटले. मुंबईत १९९५ पासून एसआरए आहे. त्यातली बहुतेक घरं बिल्डर बांधतो आणि बदल्यात मिळालेल्या वाढीव एफएसआयमधले फ्लॅट बाजारभावाने विकतो. म्हणजे गरिबाच्या घराचा निधी ठरवतो कोण? जागेचा भाव! जिथे फ्लॅट महाग विकले जातात तिथे योजना धावते, बाकीच्या वस्त्या वाट बघत बसतात.

महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,००० कोटींच्या वर होतं. भाड्याची परवडणारी घरं, बालवाड्या, दवाखाने यांना त्यातलं किती, हा हिशेब निदान मागता तरी येतो. बिल्डरच्या नफ्याकडे कुठला हिशेब मागणार? गरिबांच्या घरांचा खर्च बजेटातच हवा. तो दिसला, तरच त्यावर भांडता येईल ना!