'कुत्र्याची छत्री' कुत्र्यानं खाल्ली तर? मशरूमबद्दल हे माहीत असू द्या

पावसाळ्यात मोहाडी तालुक्यात धानाच्या बांध्या भरल्या की बांधावर, तणसाच्या ढिगाजवळ, कुजक्या ओंडक्यांवर छत्र्या उगवतात. मराठीत त्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणतात. पण नावात कुत्रा असला तरी ती त्याचं खाणं नाही.

मग कुत्र्याला मशरूम चालतं का?

दुकानातलं बटण मशरूम मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेलं असेल, तर एखाद्या तुकड्यानं सहसा अपाय होत नाही. घरची मशरूमची भाजी मात्र देऊ नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. रानात किंवा अंगणात उगवलेलं मशरूम तर अजिबात नको.

रानातल्या मशरूमचा धोका काय?

सगळीच रानमशरूम विषारी नसतात. भंडारा-गोंदियाकडे सात्या आवडीनं खाल्ल्या जातात. पण ओळखण्यात जाणती माणसंही चुकतात. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातली मशरूम खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक चहामळ्यांतले लोक होते. कुत्रा तर वास घेतो आणि गिळतो.

काही जातींमध्ये अमाटॉक्सिन हे विष असतं. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग कुत्रा थोडा सावरल्यासारखा दिसतो. खरी फसगत इथेच होते. 'बरा झाला' म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि आत यकृत निकामी होत जातं. इतर काही विषांचा परिणाम तासाभरातच दिसतो: लाळ गळणं, तोल जाणं, झटके येणं.

कुत्र्यानं खाल्लंच तर काय कराल?

• तोंडात उरलेले तुकडे काढा.
• लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे.
• मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मीठ जास्त झालं तर तेही जिवावर बेततं.
• उरलेलं मशरूम कागदात गुंडाळून सोबत न्या, फोटोही काढा. प्लास्टिकच्या पिशवीत ते लवकर सडतं.
• केव्हा आणि साधारण किती खाल्लं, ते डॉक्टरांना सांगा.

या विषावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून लवकर सुरू झालेले उपचार महत्त्वाचे. पावसाळ्यात अंगणातल्या छत्र्या रोज सकाळी उपटून टाकणं, हा त्याहून सोपा उपाय.