रात्री अंगणात कोण येऊन गेले?

भगिनींनो, पहाटे सडा टाकताना अंगणात अनोळखी विष्ठा दिसली, तर लगेच खराटा फिरवू नका. आधी नीट पाहा.

लेंड्या असतील तर प्राणी पाला-चारा खाणारा. शेळीच्या लेंड्या तुमच्या ओळखीच्याच. सशाच्या गोल, जरा चपट्या आणि काडीकचऱ्याच्या. कौलांवर, भिंतीवर फळांच्या अख्ख्या बियांनी भरलेली विष्ठा बहुधा उदमांजराची. त्याला भिऊ नका. ते उंदीरही खाते.

बिबट्याच्या विष्ठेत केस व हाडांचे तुकडे असतात. पण केस कोल्ह्याच्या विष्ठेतही सापडतात. म्हणून जवळच्या मऊ मातीत माग शोधा. कुत्र्या-कोल्ह्याच्या मागात नखे उमटतात, बिबट्याच्या सहसा नाहीत.

तसा माग दिसला तर त्यावर घमेले पालथे घाला आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. शेळ्या-वासरे रात्री छपराच्या बंद गोठ्यात बांधा. दिवेलागणीनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नका, उघड्या अंगणात निजवू नका.

विष्ठेला हात मात्र लावू नका. तीत जंतांची अंडी असू शकतात. पाहणी झाली, की फावड्याने उचलून लांब पुरा आणि हात साबणाने धुवा.