चुन्याच्या फक्कीचा हिशेब



या अंकाचे संपादकीय चुन्याच्या फक्कीवर आहे. हसू नका. हुंडा, पोटगी, रेशन, मारहाण हे आपले नेहमीचे विषय. त्यात खेळाच्या मैदानावरच्या पांढऱ्या रेषा कुठून आल्या, असे कुणालाही वाटेल. पण अंदाजपत्रक वाचायची सवय लागली की कळते, बाईची किंमत किरकोळ खर्चाच्या रकान्यात फार स्पष्ट लिहिलेली असते.

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गावातल्या शाळेचे मैदान संध्याकाळी पाहा. मुलगे क्रिकेट खेळत असतात. मुली कुठे आहेत असे विचारले की ठरलेले उत्तर येते, 'त्या येतच नाहीत, त्यांना आवड नाही.' आम्हाला हे उत्तर मान्य नाही. आखाजीला याच गावांत माहेरवाशिणी झाडांना झोके बांधून दुपार दुपार झुलतात, झिम्मा-फुगड्यांनी अंगण दणाणून सोडतात. आवड आहे. ती वर्षातून चार दिवस चालवून घेतली जाते, एवढेच.

आता क्रिकेटला काय लागते ते बघा. तीन दांड्या, त्याही नसल्या तर एक दगड. रेषेवाचून अडत नाही. मैदान मोकळे दिसले की ते आपोआप क्रिकेटचे होते. आपल्या शाळांतून मुली ज्या खेळांत पुढे असतात, त्या खो-खो आणि कबड्डीचे तसे नाही. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. चारी कडा, दोन खांबांच्या रेषा, मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, प्रत्येकीच्या दोन-दोन रेषा. या सगळ्यांची आम्ही कागदावर बेरीज केली तर ती चारशे मीटरच्या पुढे गेली! मुलींच्या कबड्डीचे मैदान १२ बाय ८ मीटरचे. तिथे शंभर मीटरच्या आत भागते. आणि या रेषा शोभेच्या नव्हेत. पाठलाग करणारीने मधली पाटी ओलांडली की फाउल. चढाई करणारीने निदान रेषा ओलांडली नाही तर ती बाद. रेषाच दिसत नसेल तर पंचाने काय पाहायचे आणि मुलीने काय शिकायचे?

म्हणजे ज्या मैदानावर काहीच आखलेले नाही ते 'सगळ्यांचे' मैदान, ही समजूत खोटी आहे. जो आधी येतो, ज्याला घरकाम नसते आणि ज्याच्या खेळाला आखणी लागत नाही, त्याचे ते मैदान असते.

त्यात आपली काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, पण पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. खो-खोत बसल्या जागेवरून उठून एकदम वळायचे असते, कबड्डीत अंग टाकायचे असते. भेगेत पाय मुरगळला की घरचे म्हणतात, पुरे झाले खेळणे. मुलग्याचा पाय मुरगळला तर त्याला हळद लावून परत पाठवतात. मुरूम-माती टाकणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे, खडे वेचणे हे काम एकदा करून सुटत नाही. केळीच्या बागेला ठिबकने थेंबथेंब मोजून पाणी देणारा आपला मुलूख. मैदानाला पाणी लागते हे इथे कुणाला समजावून सांगावे लागू नये. शिवाय शालेय स्पर्धा सुरू होतात त्या ऐन पावसाळ्यात. सोमवारी मारलेली फक्की मंगळवारच्या सरीत गेलेली असते.

जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकताना प्रतिभाताई पाटील टेबल टेनिस खेळत आणि आंतरमहाविद्यालयीन बक्षिसे मिळवत. २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या. टेबलाच्या रेषा कारखान्यातूनच आखून येतात, हे त्या खेळाचे भाग्य.

पैसा नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवली: तालुक्याला १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्याला ८ कोटींवरून २५ कोटी. इमारत उभी राहते, कोनशिला बसते, फीत कापली जाते. रोलर फिरवण्याचे उद्घाटन कोणी करत नाही. गावच्या शाळेपर्यंत येता येता हा आकडा कसा आटतो तेही पाहा. समग्र शिक्षा अभियानात २०१८ पासून खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजार रुपये ठरले. त्यातून चेंडू, बॅट, दोरी, रिंग येते. वस्तू दाखवता येते, साठा नोंदवहीत चढवता येते. फक्की तर दुसऱ्या दिवशी उडून गेलेली असते. ती तपासणीला कशी दाखवणार? शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते, त्यातून वीजबिल, पाणी, खडू, दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची. मैदान रांगेत शेवटी.

मग रेषा कोण आखते? कुठे शिक्षक खिशातून, कुठे मुलेच. इथे एक धोक्याची सूचना. कळीचा चुना हाताने मारू देऊ नका. तो कातडी भाजतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका. विझवलेला चुनाही उघड्या हातांनी नको. पांढरी रांगोळी चालते. पाहुण्यांच्या स्वागताला मैदानाच्या दारात ती काढायला मुलींनाच पुढे करतात, पण आत मैदान आखायला त्यांच्या हातात दोरी आणि टेप कोणी देत नाही.

हा प्रश्न खान्देशापुरता नाही. अमेरिकेत लॉस एंजलिसमध्ये मुलींच्या एका सॉफ्टबॉल लीगने १९९८ साली महापालिकेवर दावा लावला. मुलांच्या बेसबॉलला चांगली, निगा राखलेली मैदाने आणि मुलींना उरलेली, ही त्यांची तक्रार. १९९९ मध्ये तडजोड झाली, पालिकेला मुलींच्या खेळासाठी कार्यक्रम आखावा लागला आणि २००४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मैदानांच्या वाटपात मुलींना डावलण्यास बंदी करणारा कायदा केला. आपल्या देशाने १९९३ साली मान्य केलेल्या स्त्रीविषयक आंतरराष्ट्रीय करारातही खेळ आणि शारीरिक शिक्षणाची समान संधी लिहिलेली आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, प्रियंका इंगळे कर्णधार होती, तेव्हा टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या.

करता येण्याजोगे बरेच आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे सही करून येतात. पुढच्या सभेला सही करण्याआधी 'मैदान देखभाल' अशी स्वतंत्र ओळ लिहायला लावा आणि तिच्यात माती, पाणी, रोलरचे भाडे, रांगोळीची पोती व माणसाची मजुरी वेगवेगळी मांडा. मजुरी विसरू नका. ती विसरली की काम फुकट बायकांकडे किंवा पोरांकडे येते. ग्रामपंचायतीला महिला व बालकल्याणासाठी उत्पन्नाचा दहा टक्के वाटा ठेवावा लागतो. त्यातून दरवर्षी शिलाई मशीनच का? ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत हा ठराव घेता येतो. जळगावचे सागर पार्क, धुळ्याचे गरुड मैदान यांच्यासारखी शहरातली मोठी मैदाने सभा-प्रदर्शनांसाठी दिली जातात. मांडवाचे खड्डे बुजवण्याची अनामत घ्यावी आणि भाड्यातला ठरलेला हिस्सा त्याच मैदानावर खर्च व्हावा, अशी मागणी करायला हवी. आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस संध्याकाळची वेळ मुलींची म्हणून फळ्यावर लिहिलेली असावी, नाहीतर आखलेल्या खो-खोवरच क्रिकेटची खेळपट्टी पडेल.

तोवर एक काम करा. आपल्या गावच्या शाळेचे मैदान पावलांनी मोजा, तिथे शेवटची फक्की कधी पडली ते शिपाईमामांना विचारा आणि गेल्या वर्षी मैदानावर किती रुपये खर्च झाले ते मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. पोस्टकार्डावर मावेल एवढेच आहे. आलेली पत्रे पुढच्या अंकात गावांच्या नावांसह छापू.

- संपादक मंडळ